दीडशे टक्क्यांचा उन्हाळा

एप्रिल लागला आणि आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये नवं पॅनल बसलं. जुनी गोल बटणं गेली, दाबली की आतून पिवळा दिवा लागायचा ती. आता तिथे काळी चकचकीत काच आहे आणि काचेवर करड्या रंगात तिळाएवढे आकडे. काल सहाव्या मजल्यावरचे साळुंकेकाका त्या काचेला नाक लावून उभे होते. सहा दाबायला गेले, आठ दाबला गेला. आठव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा ओशाळून मला म्हणाले, "चष्मा घरी विसरलो वाटतं."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मला असा संताप आला म्हणता! ती काच ज्याने कुणी पसंत केली असेल त्याचा तर आलाच, पण त्याहून जास्त आला तो काकांच्या त्या ओशाळण्याचा. माणूस किती पटकन ठपका स्वतःवर ओढून घेतो. वाचता आलं नाही, म्हणजे आपलेच डोळे गेले. चुकीचं बटण दाबलं गेलं, म्हणजे आपलाच हात थरथरतो. समोरची वस्तूच धड बनवलेली नसेल, हे कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

मी गेली सतरा वर्षं सॉफ्टवेअरचे स्क्रीन बनवते. लोक डोळे बारीक करून ज्यात बघत बसतात, त्या खिडक्या बनवणं हा माझा धंदा. त्यामुळे या चिडचिडीत माझा स्वतःचा वाटा किती, हे मला चांगलं माहीत आहे. आणि एप्रिल आला, दुपारी ताथवड्याच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं, की तो वाटा जरा जास्तच जाणवतो. कारण तो सगळा प्रकार घडला तोही उन्हाळ्यातच. चाकणच्या.

चाकणचा उन्हाळा शहरातल्यासारखा नसतो. तिथे सावली म्हणून काही शिल्लकच नाही. माळावर एकाला लागून एक पत्र्याच्या शेड, मध्ये कंटेनरच्या रांगा, आणि त्या रांगांनी उडवलेली पांढरट धूळ. तिथला एक कारखाना आमचा ग्राहक होता. सकाळी नाशिक फाट्यावर मी त्या कारखान्याच्या बसमध्ये चढायचे तेव्हाच खिडकीचं रबर मऊ झालेलं असायचं. मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला, की बस थांबायची आणि थांबूनच राहायची. पुढे ट्रक, मागे ट्रक. कुठल्या तरी ट्रकमधून मार्केटला चाललेल्या कांद्याचा वास आत यायचा. बसमधली सगळी माणसं एका तालात कपाळ पुसायची. कारखान्यात पोचलं की शेडमध्ये मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तो गोडसर तेलकट वास, आणि वर मोठाले पंखे, जे गरम हवा इकडून तिकडे करण्यापलीकडे काही करत नसत.

आमची कंपनी छोटी, ताथवड्यात कॉलेजांच्या मागच्या गल्लीत. आम्ही कारखान्यांसाठी मोजमापाचं सॉफ्टवेअर बनवायचो. मशीनवरून भाग उतरला की तो तपासणीच्या टेबलावर ठेवायचा, एक पिन त्याच्या आत जाऊन माप घ्यायची आणि आकडा स्क्रीनवर उमटायचा. तो आकडा उमटणारा स्क्रीन माझा. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी तो बनवला, तेव्हा तपासणीच्या टेबलांवर साधे छोटे मॉनिटर असायचे. मी प्रत्येक आकड्यासाठी एक चौकट आखली आणि तिची रुंदी ठिपक्यांमध्ये ठरवून टाकली. बावन्न ठिपके रुंद, वीस ठिपके उंच. स्क्रीनवरची प्रत्येक गोष्ट शेवटी ठिपक्यांचीच असते, आणि ठिपके कायम तेवढेच राहणार असं मी धरून चालले होते. का धरलं? विचारूच नका. सत्ताविसाव्या वर्षी माणूस बऱ्याच गोष्टी कायमच्या धरून चालतो.

मग चाकणच्या त्या कारखान्यात नवे स्क्रीन आले. परदेशातली मोठी मंडळी भेट द्यायला येणार होती, म्हणून गुणवत्ता विभागाच्या शिंदेसाहेबांनी ते मागवले. लांबून बघणाऱ्याला फार छान. चित्र असं रेखीव की हात लावावासा वाटावा. पण रेखीव कशामुळे, तर तेवढ्याच काचेत चौपट ठिपके. ठिपका बारीक झाला आणि त्याच्याबरोबर माझी बावन्न ठिपक्यांची चौकटही आक्रसली. जो आकडा हातभर अंतरावरून वाचता यायचा तो मोहरीएवढा झाला.

ते स्क्रीन आठ तास वाचायचे होते छायाताईंना.

छायाताई पिंपरीच्या. वडील पिंपरीतल्याच एका कारखान्यात टर्नर होते. त्यांनी मुलीला आयटीआयला घातलं तेव्हा वस्तीतून ती एकटीच मुलगी त्या वर्गात होती. आता त्यांची पन्नाशी जवळ आली होती, आणि त्यातली अर्धी वर्षं तपासणीच्या टेबलावर गेली होती. केसांचा घट्ट अंबाडा, निळा कोट, कोटाच्या खिशाला अडकवलेलं पेन. बोलणं कमी. बसमध्ये पुढून तिसरी खिडकी त्यांची, तिथे दुसरं कुणी बसायचं नाही.

त्यांनी मला फोन केला. आमच्या ऑफिसात मदतीच्या फोनवर तेव्हा माझी पाळी होती.

"मॅडम, नवीन स्क्रीनवर अक्षरं फार बारीक झालीत हो."

"रिझोल्यूशन वाढलंय ना ताई, म्हणून," मी म्हणाले. एका हाताने मी दुसरंच काहीतरी टाइप करत होते. "डेस्कटॉपवर राइट क्लिक करा. डिस्प्ले सेटिंग्ज. तिथे स्केल लिहिलंय बघा, ते दीडशे टक्के करा."

"केलं."

"आता?"

"आता मोठं दिसतंय. पण कडेला जरा कापल्यासारखं वाटतंय."

"ते चालतं," मी म्हणाले. "आणि ताई, एकदा डोळेही तपासून घ्या. आपल्या वयात नंबर बदलतो."

आपल्या वयात! मी त्यांच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान होते. 'तुमच्या वयात' म्हणायचं होतं, सभ्यपणा म्हणून 'आपल्या' म्हटलं. फोन ठेवला, तक्रारीसमोर 'काम झाले' अशी खूण केली आणि विसरून गेले.

पुढचं मी नंतर ऐकलं, लाइनचे सुपरवायझर पोपटभाऊ यांच्याकडून. पोपटभाऊ राजगुरुनगरच्या बाजूच्या एका गावचे. रोज मोटरसायकलवर यायचे आणि आल्या आल्या पहिल्यांदा घामाने भिजलेली टोपी पंख्याखाली वाळत घालायचे.

त्या दिवशी सकाळी मशीनवर नवं कटिंग टूल बसवलं होतं. पहिला भाग तपासणीला आला. त्या भागाच्या मध्ये एक गोल भोक असतं, त्यात पुढे बेअरिंग बसतं. भोक ठरलेल्या मापापेक्षा मोठं झालं तर स्क्रीनवर नुसता आकडा येतो. लहान झालं तर आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह येतं. छायाताईंना स्क्रीनवर दिसलं शून्य पॉइंट शून्य एक आठ मिलिमीटर. म्हणजे भोक अठरा मायक्रॉनने मोठं. चालण्याजोगं होतं, पण कडेवरचं. म्हणून त्यांनी पोपटभाऊंना सांगितलं, अठराने कमी करा.

"म्या इचारलं त्यांना," पोपटभाऊ मला सांगत होते. "ताई, नक्की ना? कारन त्यांनीच आधी भोकात प्लग गेज, त्यो मापाचा दांडा, घालून बघितला व्हता आन् म्हनल्या व्हत्या, जरा दाटून जातोय. दाटून जातोय म्हंजे भोक बारकंच की! पर मंग त्यांनी परत स्क्रीन बघितला. म्हनल्या, भाऊ, स्क्रीनवर तर प्लस हाय. हाताचं काय खरं."

भोक लहानच होतं. ते आणखी लहान केलं गेलं. पुढची तपासणी होईपर्यंत त्या मापाचे भाग निघत राहिले, आणि त्यातली एक खेप गाडी लागलेली होती म्हणून तशीच गेलीसुद्धा. पुढच्या तपासणीत माप मर्यादेबाहेर गेलं, स्क्रीन लाल झाला, मशीन थांबवलं. पण ज्यांच्याकडे माल गेला होता त्यांचा फोन दुपारीच आला. बेअरिंग बसत नाही.

छायाताईंना मेमो मिळाला. कॉम्प्युटरच्या नोंदीत वजाचं चिन्ह आहे, ते वाचलं नाही, निष्काळजीपणा. दुसऱ्या दिवसापासून त्यांना पॅकिंगला बसवलं.

आणि आम्हाला कारखान्याकडून मागणी आली की सॉफ्टवेअरमध्ये एक सूचना टाकून द्या. आकडा आला की मोठी पिवळी पाटी यावी, 'आपण चिन्ह नीट वाचले आहे का?' आणि ऑपरेटरने 'होय' दाबल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. म्हणजे उद्या काही झालं तर होय कुणी दाबलं होतं ते दाखवता येईल.

ती पाटी टाकायला म्हणून मी चाकणला गेले.

छायाताईंच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. टेबलावर त्यांचं पुसायचं फडकं घडी करून ठेवलेलं होतं. पाटी नीट येते का बघण्यासाठी मी एक मुद्दाम लहान भोकाचा भाग लावला. पिन आत गेली. आकडा आला. शून्य पॉइंट शून्य दोन एक.

वजाचं चिन्ह नव्हतं.

मी पुन्हा लावला. पुन्हा नुसताच आकडा. मग चौकटीत माउसने क्लिक केलं, बाण दाबून डावीकडे सरकले, आणि चौकटीच्या कडेमागून ते चिन्ह बाहेर आलं. ती आडवी रेघ तिथेच होती. दीडशे टक्के केल्यावर अक्षरं दीडपट झाली होती. चौकट मात्र माझ्या बावन्न ठिपक्यांवर अडून बसली होती. आकडे उजव्या कडेला लागून येतात, त्यामुळे जागा पुरली नाही की डावीकडचं पहिलं अक्षर कापलं जाणार. डावीकडचं पहिलं अक्षर म्हणजे वजाचं चिन्ह. 'कडेला जरा कापल्यासारखं वाटतंय,' असं त्या म्हणाल्या होत्या, आणि मी म्हणाले होते, 'ते चालतं.'



मी तिथल्या तिथे चौकट रुंद केली. पुढचा धोका टळला. मागचं सगळं छायाताईंच्या नावावर तसंच राहिलं. मग शेडच्या बाहेर येऊन मी आमच्या निखिल सरांना फोन लावला. कंपनी त्यांची. माझ्यापेक्षा वयाने लहान, हुशार, आणि दर वाक्यानंतर 'बरोबर?' म्हणणारे.

"तू कुणाला बोललीस का?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं.

"अजून नाही."

"मग बोलू नको. स्केलिंग त्यांनी बदललं, बरोबर? त्यांच्या कॉम्प्युटरची सेटिंग. आपलं सॉफ्टवेअर शंभर टक्क्यांवर व्यवस्थित चालतं."

"बदलायला मीच सांगितलं होतं, सर."

"फोनवर. लेखी नाही, बरोबर? नव्या व्हर्जनमध्ये सगळं नीट करून टाक. कुणाला काही कळायचं कारण नाही. आणि ती पाटी टाक, त्यांनी मागितलीय."

मी पाटी टाकली. आठ दिवस गप्प बसले. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर या आठ दिवसांचा. ठिपक्यांची चूक समजू शकते. काळ बदलतो, काचा बदलतात. पण ते आठ दिवस मी धडधडीत जागी होते. नव्या व्हर्जनच्या कामासाठी रोज त्याच बसने चाकणला जात होते. पुढून तिसऱ्या खिडकीत तो अंबाडा रोज दिसत होता, आणि मी मागच्या बाकावर बसून मोबाइलमध्ये तोंड खुपसत होते. मनात सबबी तयार करत होते. नोकरी आहे, घर घ्यायचं चाललंय, सगळं नीट करूनच देणार आहे ना मी, मग काय झालं. सबब कुठल्याही काचेवर स्वच्छ वाचता येते, तिला स्केलिंग लागत नाही.

मध्येच जयंती आली. पिंपरीचा चौक निळ्या पताकांनी आणि दिव्यांनी भरून गेला, त्या दिवशी बस अर्धी रिकामी होती. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पॅकिंगच्या बाजूला पाणी प्यायला गेले, तर छायाताई एका खोक्यावर बसून डबा खात होत्या. त्यांनीच हाक मारली.

"मॅडम, या. बसा. आज भाजी जरा बरी आहे."

मी बसले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "जयंतीला काय केलंत?"

"गेले होते विहारात. पण यंदा वाचलं नाही."

"काय वाचलं नाही?"

"आमच्याकडे कार्यक्रमाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका वाचतात. सोळा-सतरा वर्षं झाली, मीच वाचते. यंदा शेजारच्या बाईंना दिली." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "पाठ आहे हो मला. पण कागदावरून वाचायची पद्धत आहे. म्हटलं, आपल्या वाचण्याचा आता भरवसा नाही. सगळ्यांसमोर एखादा शब्द गाळला तर?"



"दोन डॉक्टरांना दाखवलं," त्या पुढे म्हणाल्या. "दोघं म्हणतात नंबर तोच आहे, मोतीबिंदू नाही, काही नाही. मग मी इथे बसून खोक्यावरच्या चिठ्ठ्या वाचून बघते. ही इथून, ती तिथून. सगळ्या वाचता येतात. मग मला ते मायनस का दिसलं नाही, मॅडम? तुम्ही स्क्रीन बनवता, तुम्हाला माहीत असेल. असं कधी होतं का, की समोर असतं आणि माणसाला दिसत नाही?"

मी उठले. हात धुवायला जाते म्हणाले. एवढ्या सरळ प्रश्नाला मी हात धुवायला जाते असं उत्तर दिलं.

त्या संध्याकाळी बसमध्ये मी त्यांच्या शेजारच्या बाकापर्यंत गेले आणि परत मागे आले. ड्रायव्हर ओरडला, "ओ ताई, एका जागी बसा ना राव!" मी बसले. घरी जाऊन जुनं व्हर्जन लॅपटॉपवर घेतलं आणि सकाळी शिंदेसाहेबांच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहिले.

"दहा मिनिटं हवीत," मी म्हणाले. "आणि छायाताईंना आणि पोपटभाऊंनाही बोलवा."

"आता काय काढलंत?" ते म्हणाले, पण त्यांनी बोलावलं.

तपासणीच्या टेबलावर मी जुनं व्हर्जन सुरू केलं. स्क्रीन शंभर टक्क्यांवर ठेवला आणि लहान भोकाचा भाग लावला. मोहरीएवढा का होईना, पण वजासकट आकडा आला. शिंदेसाहेबांनी वाकून वाचला. मग मी स्केल दीडशे केलं आणि तोच भाग पुन्हा लावला. आकडा मोठा आला, आणि वजा गेला.

पोपटभाऊंनी टोपी काढली. शिंदेसाहेब म्हणाले, "परत करा." मी परत केलं. शंभर, वजा आहे. दीडशे, वजा नाही.

"चौकट मी बनवली," मी म्हणाले. "आणि दीडशे करायला ताईंना मीच फोनवर सांगितलं. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की कडेला कापल्यासारखं दिसतंय. मी म्हणाले, चालतं."

"आयला," पोपटभाऊ हळूच म्हणाले. "म्हंजे ताईंचा हातच खरा बोलत व्हता."

शिंदेसाहेब तसे वाईट नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि तो रुमालाने कितीतरी वेळ पुसत राहिले. मी छायाताईंकडे बघितलं. मला काय अपेक्षित होतं कुणास ठाऊक. त्या रडतील, किंवा सुटल्यासारखं हसतील, किंवा माझा हात धरतील. त्या स्क्रीनकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

त्या दिवसापर्यंत त्या मला मॅडम आणि तुम्ही म्हणायच्या.

"आठ दिवसांपासून."

"काल डबा खाताना माहीत होतं?"

"हो."

त्यांनी मान हलवली, जणू एखादं माप लिहून घेतलं. "जयंतीच्या आधी माहीत होतं," त्या म्हणाल्या. आता विचारत नव्हत्या. मग पॅकिंगकडे चालायला लागल्या, कारण त्यांची बदली अजून कागदावर रद्द झाली नव्हती आणि खोकी पडून होती.

मेमो मागे घ्यायला शिंदेसाहेबांना आमच्या कंपनीचं पत्र हवं होतं. निखिल सर म्हणाले, असं पत्र मिळणार नाही. मग मी माझ्या नावाने लिहिलं. काय झालं, कुणी काय सांगितलं, चिन्ह कसं कापलं गेलं, सगळं साध्या मराठीत, खाली माझी सही. शिंदेसाहेबांनी ते फाइलला लावलं आणि मेमो रद्द केल्याची नोटीस फलकावर लावली. निखिल सर मला एवढंच म्हणाले, "हे तू वैयक्तिक केलंस, बरोबर?" मी म्हणाले, बरोबर. मला काढलं नाही. पण पुढे माझ्या टेबलावर नवं काम येईनासं झालं, मीटिंगची वेळ मला सगळ्यात शेवटी कळायला लागली. जूनमध्ये मी नोकरी सोडली. आता जिथे आहे तिथे परवाच एक नवा मुलगा ग्राहकाला फोनवर सांगत होता, "दीडशे करून बघा ना सर." मी त्याच्या हातातून फोन जवळपास ओढूनच घेतला. तो अजून माझ्याकडे जरा बिचकून बघतो.

पण जूनच्या आधी मे होता. तो अख्खा महिना मी चाकणला काढला. कारण एक चौकट रुंद करून भागणार नव्हतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये अशा शेकडो चौकटी होत्या, प्रत्येक मी स्वतः आखलेली, प्रत्येक ठिपक्यांना बांधलेली. एकीला मोकळं करावं तर शेजारची तिच्यावर चढायची. अक्षरं नीट बसवावीत तर 'सेव्ह'चं बटण स्क्रीनच्या खाली गायब व्हायचं. सव्वाशेवर नीट तर दीडशेवर बिघाड, दीडशेवर नीट तर दोनशेवर सगळा भाजीबाजार. मी जुन्या स्वतःला इतक्या शिव्या आयुष्यात दिल्या नसतील. पंखा गरम हवा फेकत होता, लॅपटॉपखाली हात भाजत होते, आणि शेजारी खुर्ची घेऊन छायाताई बसलेल्या असायच्या.

त्या तपासणीला परत आल्या होत्या. माझ्याशी कामापुरतं बोलायच्या, पण जे बोलायच्या ते नेमकं. "हा हिरवा आणि हा पिवळा दुपारी ऊन आलं की एकच दिसतो." "हा तीन आणि हा आठ लांबून सारखेच." "ही वेळ कशाला पाहिजे इथे? माप मोठं कर, वेळ काढून टाक." मी एकदा न राहवून विचारलं, "ताई, इतकी वर्षं हे सगळं खुपत होतं, तर कधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं की एकदा," त्या म्हणाल्या. "फोनवर."



तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी वर्षानुवर्षं स्क्रीन बनवले, पण एकही स्क्रीन आठ तास वाचला नव्हता. मी तो ताथवड्याच्या एसीत, माझ्या उंचीच्या खुर्चीवर, माझ्या डोळ्यांनी, दोन मिनिटं बघायचे आणि म्हणायचे, छान दिसतंय. दिसणं आणि वाचता येणं यात केवढं अंतर आहे, ते कळायला मला एका बाईची जयंती घालवावी लागली. ती तिला परत देता येत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी उद्देशिका पुन्हा वाचली असं पोपटभाऊंकडून कळलं, पण गेली ती गेलीच.

मेच्या शेवटच्या आठवड्यात काम संपलं. काम नीट झाल्याच्या फॉर्मवर ग्राहकाची सही लागते. ती नेहमी शिंदेसाहेब करायचे, न बघता, उभ्या उभ्या, फोनवर बोलता बोलता. या वेळी फॉर्म मी छायाताईंपुढे ठेवला.

"मी कशाला? साहेब करतात."

"वाचायचं तुम्हाला आहे," मी म्हणाले. "शिंदेसाहेबांना विचारलंय. ते म्हणाले चालेल."

त्यांनी फॉर्म उलटा करून बाजूला ठेवला. खुर्चीवरून उठल्या. "बस इथे," म्हणाल्या. रॅकमधून त्यांनी भाग काढले, वीस, टेबलावर ओळीने मांडले आणि स्वतः माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "लाव एकेक. मोठ्याने वाच."

मी लावत गेले, वाचत गेले. प्लस शून्य पॉइंट शून्य शून्य चार. मायनस शून्य पॉइंट शून्य एक दोन. प्रत्येक वाचनानंतर त्या तो भाग हातात घ्यायच्या, प्लग गेज घालून बघायच्या आणि खाली ठेवायच्या. दहाव्यापर्यंत माझी पाठ दुखायला लागली. पंधराव्याला घाम डोळ्यात गेला आणि मी डोळे चोळले, तर मागून आवाज आला, "थांब. पूस आधी. मग वाच." लाइनवरची दोन-चार माणसं थांबून बघत होती. पोपटभाऊंनी त्यांना हाताने पुढे जायला सांगितलं.

विसावा झाला. त्यांनी गेज पुसून डबीत ठेवला, खिशातलं पेन काढलं आणि फॉर्मवर सही केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं आणि ठळक. मी आभार मानून लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली, बॅगेची चेन लावली.

"कुठे निघालीस?" त्या म्हणाल्या. त्या खुर्चीवर बसून स्क्रीनच्या अगदी तळाशी बोट दाखवत होत्या. "ही खालची ओळ अजून बारीकच आहे."

मी बॅग परत उघडली.